फटीतली शीळ

मिरानच्या स्वयंपाकघरात कात्र्या तीन. एखादी कात्री आमच्या जेजू बेटावर कुणाच्याही घरी असते. शेवया कापायच्या, किमची कापायची, तव्यावरचं मांस कापायचं, त्याला सुरी कोण शोधत बसतंय. पण मिरान काकडीही कात्रीने कापायची, सफरचंदाची फोडही कात्रीने कापायची, आणि एकदा नवऱ्याने तिला उकडलेलं रताळं कात्रीने कापताना पाहिलं तेव्हा हातातलं वाडगं खाली ठेवून तो म्हणाला, "अगं, रताळं आहे ते. पळून नाही चाललेलं."

नवऱ्याचं नाव होसिक. गाजरं पिकवतो. हिवाळ्यात त्याच्या अंगणात गाजरांचे ढीग लागतात. त्यातलं एक उचलायचं, सदऱ्याला पुसायचं आणि कटकन तोडायचं, एवढं साधं सुख त्याच्याच बायकोच्या नशिबात नव्हतं. मिरानचे वरचे दात पुढे आलेले, खालच्यांची आणि त्यांची जन्मात गाठभेट नाही. आणि वरच्या मधल्या दोन दातांत फट एवढी की सातूचा दाणा आरामात बसावा. बसायचाही. जेवण झालं की पाठ फिरवून तो काढणं हे तिचं पहिलं काम.

म्हणून हसताना ती तोंडावर हात ठेवायची. शाळेत तिला 'फाटक' म्हणत. म्हणणारी पोरं मोठी झाली, विसरली, आपापल्या पोरांना शाळेत पोचवायला लागली. हात मात्र तिथेच राहिला. हसू यायच्या आधी हात यायचा. शेहेचाळीस वर्षांची बाई, कमरेला शिशाचा पट्टा बांधून दहा-बारा मीटर खोल पाण्यात उतरते, ऑक्टोपसला डोक्यापाशी धरून बिळातून खेचून काढते, आणि कुणी विनोद केला की लाजऱ्या पोरीसारखी तोंड झाकते. मला तर याचा रागच यायचा, पण सांगणार कोण.

पाण्यात मात्र ती फट मानाने मिरवायची. मिरानचा धंदा बुडीचा. आजी बुडी मारायची, आई मारायची, तीही मारते. पाठीवर हवेची नळकांडी वगैरे काही नाही. छातीत मावेल तेवढा श्वास घ्यायचा, खाली जाऊन खडकावरचे शंख उचलायचे, वर येऊन आपल्या भोपळ्याला लटकायचं आणि कोंडलेला श्वास सोडायचा. भोपळा म्हणजे आता नारिंगी कापडात गुंडाळलेला थर्मोकोलचा गोळा, पण खऱ्या भोपळ्याच्या काळातलं नाव कुणी टाकलेलं नाही. श्वास सुटताना शीळ वाजते. ती प्रत्येकीची निराळी. मिरानची दुहेरी होती, आधी एक जाड आणि तिच्यातूनच फुटलेली एक बारीक. धक्क्यावर जाळं सांधत बसलेला माणूस मान वर न करता सांगायचा, मिरान वर आली.

आमच्या धक्क्यावरून पाण्यात उतरणाऱ्या बायका सात. सगळ्यांत थोरली को चुनजा. वय अठ्ठ्याहत्तर, जीभ त्याहून धारदार. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याला ती डॉक्टरला हात लावू देत नाही. पाण्यावर उन्हाची चकाकी असली की तिला भोपळा कुठला आणि होडीच्या नांगराचा बोया कुठला ते कळत नाही, पण कान शाबूत आहेत. ती काठाजवळच्या उथळ पाण्यात काम करते, आणि काम करता करता शिळा मोजते. स्वतःची धरून सातव्या शिळेपर्यंत आली की पुन्हा पहिलीपासून.

"भोपळे मोजून काय करायचंय," ती म्हणते. "माणूस खाली राहिलं तरी भोपळा तरंगतोच."

हे ती ऐकीव सांगत नाही. तीस वर्षांपूर्वी तिची जोडीदारीण सुनदोक अशीच खाली राहिली. त्या दिवशी वारं होतं. चुनजाने मान वळवून पाहिलं, सुनदोकचा भोपळा दिसला, आहे म्हणाली आणि पुढची बुडी मारली. सुनदोक म्हणजे मिरानची आई. मिरान तेव्हा सोळा वर्षांची होती. त्यानंतर चुनजाने भोपळे कधी मोजले नाहीत, आणि मिरान अठराव्या वर्षी पाण्यात उतरली तेव्हा तिला बुडी शिकवली ती चुनजामावशीनेच.

येत्या नवीन वर्षाला आपण भोपळा खुंटीला टांगणार, असं चुनजाने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. गुडघे गेले होते. सगळ्यांनी मान डोलावली होती.

आता दाढेची गोष्ट. नोव्हेंबरात मिरान वाळवलेला माकूळ चघळत होती, आणि डावीकडची मागची दाढ सरळ उभी दुभंगली. तिने दोन दिवस लवंग धरून काढले. तिसऱ्या दिवशी तिची मुलगी सोलबी शहरातून गाडी घेऊन आली आणि आईला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. सोलबी बावीस वर्षांची, शहरात बेकरीत केक करते. तिचे दात एका ओळीत आहेत, कारण ती चौदा वर्षांची असताना मिराननेच तिला तारा लावून आणल्या होत्या. लेकीचे दात आपल्या वळणावर निघालेत हे दिसल्याबरोबर तिने एक दिवसही घालवला नव्हता.

डॉक्टर मून तरुण होता आणि फार हसत नव्हता. त्याने फुटलेली दाढ सावरली, मग सगळ्या तोंडाचा एक्स-रे भिंतीवरच्या पडद्यावर लावून उभा राहिला.

"ताई, तुमचे पुढचे दात जन्मापासून सुटीवर आहेत," तो म्हणाला. "सगळं काम मागच्या चार जणांवर. एक फुटला, त्याच्या शेजारच्याला तडा आहे. मी ठिगळं लावत राहीन, पण काम वाटून दिलं नाही तर मागचे एकेक करून जाणार."

"मग काय करायचं?"

"तारा लावायच्या. दोन वर्षं."

मिरानला हसू आलं आणि हात वर आला. "डॉक्टर, माझ्या लेकीला लावल्या होत्या. मी तिची आई."

"दातांना वय समजत नाही. हाड आणि हिरडी घट्ट लागते, ती तुमची आहे. पोरांपेक्षा जरा सावकाश सरकतील, इतकंच. महिन्याला तांदळाच्या कणीएवढे."

"पण मला विचाराल तर," मिरान म्हणाली, आणि वाक्य अर्धं टाकून खुर्चीवरून उतरली. दाढेसाठी म्हणून करून घ्यायला तिची ना नव्हती. दाढ ही कामाची गोष्ट आहे. पण दाढेचं नाव पुढे करून आपल्याला दुसरंच काहीतरी हवंय, हे तिचं तिला कळत होतं.

बाहेरच्या बाकावर सोलबीने फोन काढला.

"आई, परवा मी तुझा एक फोटो शोधत होते. बेकरीत सगळ्यांनी आपापल्या आईचा फोटो लावलाय. माझ्याकडे तुझे दोनशे फोटो आहेत. एकाही फोटोत तुला तोंड नाही."

"काहीतरीच काय."

"बघ तरी." तिने अंगठ्याने एकामागून एक फोटो सरकवले. शाळेचं संमेलन, आजोबांचा वाढदिवस, गाजराच्या शेतात, पहिला केक. सगळीकडे हात. "लहानपणी मी तुझं चित्र काढायचे ना, त्यातसुद्धा हात काढायचे तोंडावर. मला वाटायचं तो तुझ्या चेहऱ्याचाच भाग आहे. नाक, डोळे, हात."

मिरानला ते लागलं. एवढं लागलं की ती लेकीवरच डाफरली, "फोटो बघायचेत की गाडी काढायचीय?" पण गाडी काढली नाही. दोघी पुन्हा आत गेल्या.

डॉक्टरने दातांच्या रंगाचा मऊ मसाला घेऊन ती फट भरली आणि दिव्याने सुकवली. "हे चिकटवलेलं नाही, नुसतं बसवलंय. चार दिवस टिकेल. नको वाटलं तर नखाने काढून टाका. आरशात बघा, घरी दाखवा, मग ठरवा. दात अजून बाहेर दिसतील, पण अंदाज येईल."

आरशात पाहून मिरानला हसू फुटलं. हात निघाला, तो सोलबीने मनगटापाशी धरला. "एकदाच," ती म्हणाली. "एकदाच बघ ना."

मिरानने पाहिलं. मला हे हवंय, तिला वाटलं. इतकं सरळ, स्वतःसाठी म्हणून तिला कित्येक वर्षांत काही हवंसं वाटलं नव्हतं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

घरी होसिकने तिला खिडकीपाशी उभं केलं, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "सोलबीची आई," तो म्हणाला, "एक गाजर देऊ का?"

"अजून चावायचं नाही. हे नुसतं दाखवायचं आहे."

"मग दोन वर्षं थांबतो. गाजर काय, दरवर्षी येतंय. पैशांचं माझ्याकडे लागलं."

"मी ठरवलेलं नाही अजून."

"बरं," होसिक म्हणाला, आणि रात्रीच्या जेवणात त्याने कात्री मुद्दाम आपल्याकडे ठेवून घेतली. तिची किमची त्यानेच कापून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती-ओहोटीची वेळ चांगली होती. धक्क्यावर बायकांची कपडे बदलायची खोली आहे, मधोमध शेकोटी. तिथे कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं असतं. धूर जिथे कधीच येत नाही ती जागा चुनजाची, तिच्याशेजारी मिरानची, मग बाकीच्या कामाच्या मानाने. मिरान तोंड मिटून आत आली, रबरी सूट चढवायला लागली. पण त्या सातांतल्याच ग्योंगोकची नजर फार तीक्ष्ण. ती म्हणाली, "मिरान, फाटक कुठे गेलं गं?"

सगळ्या माना वळल्या. मिरानने दाखवलं. एकीने छान म्हटलं, एकीने किती पडले विचारलं. चुनजाने तिला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि बऱ्या डोळ्याने नीट न्याहाळलं.

"डॉक्टर म्हणतो तारा लावून खरंच मिटेल," मिरान म्हणाली. "दाढांसाठी म्हणतो तो. मी अजून ठरवत्येय."

"दाढांसाठी," चुनजा म्हणाली. "दाढ पुढे असते का? या वयात कुणाला दाखवायचंय? शंखांची सोयरीक बघायला निघालीस का?"

खोलीत हशा उसळला. मिरानही हसली, हात ठेवून.

"आईने दिलेले दात आहेत," चुनजा हसत नव्हती. "तिने दिलेलं तेवढंच उरलंय तुझ्याकडे, आणि ते दुरुस्त करायला निघालीस."

आता हे बोलायची काही गरज होती का? मिरानच्या ओठांवर आलं. मावशीला उलट बोलायची तिची रीत नव्हती, म्हणून तिने पट्टा कमरेला आवळला, भोपळा काखेत मारला आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडली. मनाशी म्हणाली, लावणार, दोन वर्षं नाही चार वर्षं लावणार.

पाणी थंड होतं आणि वर विरळ धुकं. मिरान रागाने सरळ खोल पाण्यावर गेली. पहिली बुडी, तीन शंख. वर येऊन श्वास सोडला तर नुसतं फुस्स. ती दचकली, मग गंमत वाटली. फट बुजली की शीळ कुठून येणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या बुडीनंतरही फुस्स. तिसऱ्या वेळी ती विसरूनही गेली, कारण खाली एका कपारीत तिला शंखांची रांगच सापडली होती. एवढी वर्षं त्या खडकावरून जाऊन ती कपार कशी दिसली नाही कोण जाणे. ती खाली जात राहिली, वर येऊन गुपचूप श्वास टाकत राहिली. चिडलेलं माणूस काम फार करतं.

सातवी की आठवी बुडी असेल. ती वर आली तर तिच्या भोपळ्याभोवती पाच भोपळे गोळा झालेले. ग्योंगोक पाण्यात तोंड घालून खाली बघत होती. आणि मधोमध चुनजा. स्वतःचा भोपळा नाही, जाळी नाही, उथळ पाण्यातून एवढ्या लांब नुसती पोहत आलेली, मिरानच्या भोपळ्याची दोरी एका हाताला गुंडाळून बुडी घ्यायच्या बेतात. तिचे ओठ जांभळे पडले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई बारा मीटर खाली निघाली होती.

"काय झालं?" मिरानने विचारलं.

चुनजाने तिच्याकडे पाहिलं. मग ओल्या हातमोज्याने तिच्या खांद्यावर, डोक्यावर, जिथे बसेल तिथे फटके मारायला लागली. आवाज न करता मारत होती. ग्योंगोकने तिला मागून कवेत धरलं तेव्हा थांबली.

मागाहून कळलं ते असं. चुनजाने शिळा मोजल्या तर सहा. पुन्हा मोजल्या, सहा. धुक्यात डोळ्यांना काही लागेना. तिने तिसऱ्यांदा मोजलं नाही, ओरडली आणि निघाली. तिची जाळी तिथेच सुटली, सकाळपासूनचे सगळे शंख परत समुद्रात गेले.

सगळ्या शेकोटीभोवती परतल्या. चुनजाला दोन घोंगड्यांत गुंडाळून गरम पाण्याचं भांडं हातात दिलं होतं. मिरान समोर बसली. तिने अंगठ्याचं नख दातांत घातलं, तो पांढरा तुकडा उचकटला आणि तळहातावर घेऊन मावशीला दाखवला.

"नको मला," ती म्हणाली. "संपलं. दाढा जाऊ देत, मी पेज खाईन. माझ्या दातांपायी कुणाचा जीव जायला नको."

"टाक ते," चुनजा म्हणाली. मिरानने ते शेकोटीत टाकलं. "आता माझं ऐक. तुझी आई दात बांधायची."

"बांधायची म्हणजे?" मिरान म्हणाली.

"तुला माहीत नाही. तू पाच-सहा वर्षांची असशील. पाण्यातल्या चष्म्याचं रबर जुनं झालं की ती त्याची बारीक पट्टी कापायची आणि त्या दोन दातांना वेढा द्यायची. महिनाभर. हिरड्या सुजल्या, पण सोडलं नाही. एक दिवस इथेच, या शेकोटीपाशी मला दाखवायला आली. म्हणाली, चुनजाताई, बघ ना, जरा जवळ आलेत. आले होते की नव्हते देव जाणे. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, शंखांची सोयरीक बघायला निघालीस का."

ग्योंगोकने खाली पाहिलं.

"सगळ्या हसल्या. तीपण हसली, तोंडावर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी पट्टी नव्हती, आणि ती त्यावर पुन्हा कधी बोललीही नाही." चुनजाने भांडं खाली ठेवलं. "आज सकाळी तुला मी तेच म्हटलं. शब्दसुद्धा तेच. चाळीस वर्षांत मला दुसरा विनोद सुचला नाही."

मिरानला आईचा चेहरा आठवायचा तो हातासकट. डोळे, कपाळ आणि बोटं. आईची ती सवयच असेल, असं तिने धरलं होतं. सवय कुठून आली याचा तिने कधी विचार केला नव्हता. तिला एकदम रडू कोसळलं. या वेळी तिने तोंड झाकलं नाही, हातांनी डोळे झाकले.

"मग तारांना नको का म्हणतेस मावशी?" डोळे पुसत तिने विचारलं.

"तुझी शीळ तिचीच आहे. जाड आणि मग बारीक. तू अठराव्या वर्षी पहिल्यांदा वर आलीस ना, तेव्हा माझ्या हातातला शंख सोडवायचा आकडा गळून पडला होता. अठ्ठावीस वर्षं मी ती ऐकतेय. मला ती जायला नको होती, झालं. त्यापायी तुला बोलले. म्हातारीचा स्वार्थ."

"मग राहू दे ना. मलाही नको आता."

"तुला हवंय," चुनजा म्हणाली. "सकाळी तोंड दाखवलंस तेव्हा मला दिसलं, एवढी काही आंधळी नाही मी. तुझ्या आईलाही हवं होतं. तेव्हा मी होते तिला अडवायला. आता दुसऱ्यांदा तेच पाप माझ्याकडून करून घेऊ नकोस."

कुणीतरी शेकोटीत लाकूड सारलं.

"पण शीळ गेली तर तुला कळणार कसं, मी वर आले ते?" मिरान म्हणाली. खरा प्रश्न हाच होता, आणि खोलीतल्या सगळ्या जणी त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या.

"आज एका दिवसात बुजवून आलीस म्हणून कळलं नाही. तो डॉक्टर काय एका दिवसात बुजवतो?"

"नाही. महिन्याला तांदळाच्या कणीएवढी."

"मग? पोराचा आवाज फुटतो, तेव्हा आई त्याला ओळखायची थांबते का? रोज ऐकते, म्हणून ओळखते. महिन्याला कणीएवढी बदलली तर माझा कान मागे राहील होय?" चुनजाने बोटांवर मोजायला घेतलं. "किती महिने म्हणाला?"

"दोन वर्षं."

नवीन वर्षाला पाच आठवडे उरले होते, आणि चुनजाने काय जाहीर केलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिने गुडघ्यांवरून हात फिरवला, आधी एका, मग दुसऱ्या.

"दोन वर्षं," ती पुटपुटली. "म्हणजे तुझ्या दातांपायी मला ऐंशी वर्षांची होईपर्यंत पाण्यात उतरावं लागणार. अर्धी बदललेली शीळ टाकून जाऊ कशी? या बाकीच्यांना मोजता तरी येतं का धड?"

"येतं की," ग्योंगोक म्हणाली.

"तुला सहाच्या पुढे येत नाही."

"आणि गुडघे, मावशी?" मिरानने विचारलं.

"पाण्यात गुडघ्यांना वजन नसतं. जमिनीवरच दुखतात मेले. आणि हे बघ, तो डॉक्टर जवळपास कुठे डोळ्यांचा डॉक्टर ओळखत असेल तर विचार. दोन वर्षं काढायची तर दुसराही मोतीबिंदू काढून घेते."

मिरानने तिथूनच सोलबीला फोन लावला. बोलायला सुरुवात केली तोच ग्योंगोकने फोन काढून घेतला आणि म्हणाली, "पोरी, तुझ्या आईने ठरवलं. बेकरीतून रजा काढ."

तारा लागल्या त्या जानेवारीच्या अखेरीस. पहिले चार दिवस मिरान नुसती पेज खात होती. गाल आतून सोलवटले होते, तारांना मेणाचे गोळे लावून झोपायची आणि सकाळी ते गिळलेत की पडलेत हे शोधत बसायची. कशाला या भानगडीत पडले, असं तिला दोनदा तरी वाटलं, आणि ते तिने होसिकला बोलूनही दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि पेज ढवळली. पेज चुनजाने पाठवली होती, मोठ्या शिंपल्यांची. सोबत निरोप होता, "चावायचं नाही, गिळायचं. आणि शुक्रवारी पाणी चांगलं आहे."

शुक्रवारी सातही जणी उतरल्या. ऊन होतं, वारं पडलेलं. मिरान यावेळी फार लांब गेली नाही. खाली गेली, एका खडकाला चिकटलेला तळहाताएवढा शिंपला आकड्याने सोडवला आणि वर आली. एका हातात आकडा, दुसऱ्या हातात शिंपला, काखेत भोपळा. तिने श्वास सोडला. आवाज आला तो झाकण नीट न बसलेल्या कुकरचा. जाड सूर होता, पण त्याच्यातून बारीक फुटायचा तिथे तार आडवी आली होती आणि काहीतरी फरफरत होतं.

उथळ पाण्यात चुनजाने मान वळवली. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन होऊन महिना उलटलेला, पाण्याच्या चष्म्याला त्या बाजूला काळी काच. पण ती बघत नव्हती, कान देत होती.

"पुन्हा," ती ओरडली.

मिरान पुन्हा खाली गेली, काही न आणता वर आली आणि पुन्हा श्वास सोडला. पुन्हा तोच कुकर. धक्क्यावर जाळं सांधणाऱ्याने या वेळी मान वर केली. ग्योंगोकला हसू आवरेना, तिच्यामागून बाकीच्या हसायला लागल्या. मिरानलाही हसू फुटलं. हात वर यायला निघाला, पण एकात आकडा होता, दुसऱ्यात शिंपला, आणि दोन्हीतलं काहीही सोडणं परवडणारं नव्हतं. म्हणून ती तशीच हसली, उघड्या तोंडाने, उन्हात तारा चमकवत, सगळ्या गावाच्या देखत.

चुनजाने ते हसू ऐकलं, आणि मग पाण्यात तोंड घालायच्या आधी स्वतःशी म्हणाली, "सात."